गणित शिकवायचंय, तर पदवी कुठली घ्यावी?

बारावीचा निकाल लागला आणि कॉलेजांच्या याद्या लागू लागल्या की आमच्याकडे एका प्रश्नाची पत्रं हमखास येतात. शाळेत गणिताचा शिक्षक व्हायचं तर आत्ता प्रवेश नक्की कशाला घ्यायचा? बहुतेकांच्या डोक्यात बी.एड. पक्कं असतं, आणि त्याआधीची पदवी 'कुठलीही चालेल' असं त्यांनी धरलेलं असतं. खरी चूक तिथेच होते. मुंबई आणि उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

बारावी सायन्सला ७१ टक्के मिळालेत, गणितात ८२ गुण आहेत. नववी-दहावीला गणितच शिकवायचं, हे ठरलंय. घरचे म्हणतात, बी.एस्सी. आयटी कर, म्हणजे कंपनीतही नोकरी मिळेल आणि वाटलं तर नंतर बी.एड.ही करता येईल. मला साधं बी.एस्सी. मॅथ्स करायचंय. कोणाचं ऐकू?
— विद्यार्थिनी, लालबाग

स्वतःचं ऐका. घरच्यांचं निम्मं बरोबर आहे. आयटीची पदवी घेऊन बी.एड.ला प्रवेश मिळतो. अडतं ते त्यानंतर. शाळेतलं पद विषयाचं असतं. जागा 'गणित' किंवा 'गणित-विज्ञान' अशी निघते आणि उमेदवाराच्या पदवीच्या गुणपत्रिकेत तो विषय आहे का, हे तपासलं जातं. आयटीच्या अभ्यासक्रमात गणिताचे एकदोन पेपर असतात, पण पदवीचा विषय गणित होत नाही. बी.एड. तुम्हाला शिकवायची पद्धत देतं, विषय देत नाही. विषयाची बाजू पदवीतच भरून काढावी लागते, ती नंतर दोन वर्षांत भरत नाही.

आता नेमकं काय निवडायचं ते बघा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या पदवीत एक मुख्य विषय आणि एक दुय्यम विषय असतो. कॉलेजात त्यांना सरसकट मेजर आणि मायनर म्हणतात. मेजर गणित घ्या आणि ते शेवटच्या सत्रापर्यंत सोडू नका. मायनरला फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या. सायकॉलॉजी किंवा एखादी भाषा घ्यायचा मोह होतो, कारण गुण सोपे वाटतात. पण केंद्रीय विद्यालयांचा नियम डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या टीजीटी, म्हणजे प्रशिक्षित पदवीधर शिक्षक, गणित पदासाठी पदवीला गणित आणि त्याच्या जोडीला फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स यांपैकी कुठलेही दोन विषय लागतात. कुलाब्यापासून पवईपर्यंत मुंबईत केंद्रीय विद्यालयं आहेत, आणि चांगल्या गुणांची मुलं नेमकी या अटीवर बाद होतात, कारण त्यांच्याकडे गणिताच्या जोडीला एकच विषय असतो. म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा: मायनर सोडून यादीतला आणखी एक विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षात घेता येतो का, आणि तो गुणपत्रिकेवर त्याच नावाने छापला जातो का? रुईया, रुपारेल, झेवियर्स यांसारख्या कॉलेजांत गणिताचा विभाग जुना आहे, पण विषयांच्या जोड्या प्रत्येक कॉलेजच्या वेगळ्या असतात. कॉलेजचं नाव बघण्याआधी जोडी बघा.

गुणांचं म्हणाल तर ५० टक्क्यांची रेघ सगळीकडे आडवी येते. बी.एड.च्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के हवेत, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. केंद्रीय विद्यालयं एकूण गुणांत ५० टक्के मागतात, आणि संबंधित विषयांतही वेगळे मागतात. म्हणजे बाकीच्या पेपरांनी टक्केवारी वर खेचली आणि गणितात ४४ राहिले, तर तो अर्ज तिथे टिकत नाही. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीआय, म्हणजे श्रेणीगुणांची सरासरी, असतो. त्याचं टक्क्यांत रूपांतर करणारं विद्यापीठाचं पत्र निकालानंतर लगेच काढून ठेवा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ते मिळवणं फार जड जातं.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. बारावीला ८२ गुण मिळवणारी मुलं एफवायला गणितात गडबडतात आणि घाबरून मेजर बदलतात. बारावीचं गणित बरंचसं सूत्र ओळखून उत्तर काढण्याचं असतं. एफवायच्या कॅल्क्युलसमध्ये सीमेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या येते आणि प्रश्न 'काढा' ऐवजी 'सिद्ध करा' असा येतो. तिथे पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाले, तर गणित आपल्याला जमत नाही असं समजू नका. सिद्धता लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याला एक सत्र जातंच. रोज एक सिद्धता पुस्तक मिटून लिहायची आणि कुठल्या ओळीत कुठली माहिती वापरली ते समासात टिपायचं. शाळेत शिकवताना हीच सवय कामी येते. नववीला 'वास्तव संख्या' प्रकरणात एखादा मुलगा विचारतोच की, ०.९९९… ही संख्या १ पेक्षा जराशी लहान असते ना? ज्याने अनंत श्रेढीचा अभ्यास केलाय तो, ती १ च कशी असते, हे दोन मिनिटांत उलगडून सांगतो. ज्याने केलेला नाही तो 'परीक्षेला येत नाही' म्हणून पुढे जातो, आणि त्या मुलाचा गणितावरचा विश्वास तिथे थोडा कमी होतो.

तीन वर्षांवर थांबायचं की चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं? फक्त नववी-दहावीपर्यंत शिकवायचं असेल तर तीन वर्षं आणि बी.एड. पुरतं. अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज मनात असेल तर गणितात एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. तीन वर्षांनंतर एम.एस्सी. दोन वर्षांचं असतं, चौथं वर्ष केल्यावर एका वर्षाचं. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचं बी.एड. असावं, असा मसुदा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०२५ मध्ये मांडला होता. ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचाय त्याच्या हाती तशी मान्यता दिसेपर्यंत हिशोब दोन वर्षांच्या बी.एड.चाच धरा. एफवायला बसल्यापासून बी.एड. हाती येईपर्यंत पाच वर्षं. घरी हा आकडा आजच सांगून ठेवा.

मुलाची बारावी झाली. चार वर्षांचा एकत्रित बी.एस्सी. बी.एड. अभ्यासक्रम असतो असं ऐकलं. एक वर्ष वाचतं. घ्यावा का?
— पालक, भांडुप

शिक्षकच व्हायचं हे मुलाने स्वतः ठरवलं असेल, तुम्ही नाही, तर जरूर विचार करा. हा अभ्यासक्रम आता आयटेप या नावाने ओळखला जातो. २०२३-२४ पासून तो सुरू झाला. प्रवेश राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या, एनसीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो आणि ती बारावीच्या वर्षीही देता येते. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था एनसीईआरटीची आहे आणि महाराष्ट्र तिच्याच विभागात येतो, म्हणून इथल्या मुलांनी ती यादीत ठेवावी.

जमेची बाजू अशी की पहिल्या वर्षापासून शाळेशी संबंध येतो आणि पाचाऐवजी चार वर्षं लागतात. अडचणी दोन. मधेच मन बदललं तर साध्या बी.एस्सी.त येणं अवघड जातं. आणि मुंबईबाहेर गेलात तर राहण्या-जेवण्याचा खर्च वाचलेल्या वर्षाला खाऊन टाकतो. घरी राहून लोकलच्या पासावर होणारं तीन अधिक दोन वर्षांचं शिक्षण अनेक कुटुंबांना अधिक परवडतं.

प्रवेशाआधी दोन कागद बघितल्याशिवाय पैसे भरू नका. एक म्हणजे एनसीटीईची मान्यता, त्याच अभ्यासक्रमाची, त्याच कॉलेजची, चालू वर्षाची. संस्थेला डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची, मान्यता असते आणि जाहिरातीत मात्र नुसतं 'एनसीटीई मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं, असं होऊ शकतं. दुसरा कागद विषयांच्या यादीचा. त्यात गणित हा मुख्य विषय चारही वर्षं आहे का ते बघा. पुढे एम.एस्सी. करायचं असेल तर ही पदवी गणिताच्या एम.एस्सी.ला चालते का, हे त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या.

मी बी.कॉम. आहे, ६३ टक्के. सहा वर्षं दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. मुलांना ९० च्या पुढे गुण पडतात. बी.एड. केलं तर शाळेत गणिताची शिक्षिका होता येईल का?
— वाचक, गिरगाव

बी.एड.ला प्रवेश मिळेल. गणिताची शिक्षिका म्हणून अनुदानित शाळेत, महापालिकेच्या शाळेत किंवा केंद्रीय विद्यालयात नेमणूक मिळणं मात्र कठीण, कारण तुमच्या पदवीचा विषय वाणिज्य आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण दोन वर्षं आणि फी घालवल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

बी.एड.ला आपण कुठले विषय शिकवणार ते ठरवावं लागतं, त्याला मेथड म्हणतात. मेथड पदवीच्या विषयांवरून ठरते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना साधारणपणे वाणिज्य किंवा अर्थशास्त्र मिळतं. एखाद्या कॉलेजने गणिताची मेथड दिली तरी नोकरीच्या वेळी विचारणा पदवीचीच होते.

मग काय करायचं? बारावीला गणित असेल तर गणित विषय घेऊन दुसरी पदवी करणं हा लांबचा पण पक्का रस्ता. मुक्त विद्यापीठातून क्लास सांभाळून ती करता येते. मात्र गणित प्रत्येक वर्षाला हवं. दुसरा रस्ता खाजगी विनाअनुदानित शाळांचा. काही शाळा तुमचं शिकवणं बघून वर्ग देतात, पण तिथली नोकरी तुमच्या पदवीच्या जोरावर टिकत नाही, व्यवस्थापन बदललं की प्रश्न पुन्हा उभा राहतो. तिसरा रस्ता म्हणजे वाणिज्यात एम.कॉम. आणि बी.एड. करून ज्युनियर कॉलेज. सहा वर्षं वर्ग सांभाळल्याचा अनुभव तिथेही कामी येईलच. तुमचं वय आणि घरची परिस्थिती आम्हाला माहीत नाही. पण गणितच शिकवायची ओढ असेल, तर पहिला रस्ता लांब असूनही आम्ही तोच सुचवू.

बी.ई. मेकॅनिकल, ५८ टक्के. कंपनी सोडून शाळेत गणित शिकवायचंय.
— मुलुंड

एनसीटीईच्या नियमात इंजिनियरिंगच्या पदवीधरांना बी.एड.साठी ५५ टक्क्यांची अट आहे, ती तुम्ही पूर्ण करता. आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत इंजिनियर गणित शिकवताना दिसतात. केंद्रीय विद्यालयाची वर सांगितलेली विषयांची अट मात्र बी.ई.च्या गुणपत्रिकेत बसवणं कठीण आहे. आधी कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं ते ठरवा, त्या प्रकारच्या दोनतीन जाहिराती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मगच राजीनामा द्या.

बी.एस्सी. मॅथ्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. बी.एड.चा प्रवेश कसा होतो? मुंबईत कुठलं कॉलेज घ्यावं?
— विद्यार्थी, कुर्ला

राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी वर्षातून एकदा होते, बहुतेक मार्चमध्ये. शेवटच्या वर्षाची मुलं बसू शकतात. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बौद्धिक क्षमतेवर ४० प्रश्न, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३०. गणित हा वेगळा विभाग नाही, पण बौद्धिक क्षमतेच्या ४० मध्ये गणितवाल्यांचं पारडं जड राहतं. गुण जातात ते अभियोग्यतेत, कारण तिथे चारही पर्याय बरे वाटतात. मुलाला शिक्षा करणारा किंवा पालकांवर ढकलून मोकळा होणारा पर्याय बहुधा चुकीचा असतो.

इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. कॉलेजसाठी ईएलसीटी ही ५० प्रश्नांची वेगळी परीक्षा असते. तिचा अर्ज सीईटीबरोबरच भरावा लागतो. 'नंतर बघू' म्हणून ती सोडणाऱ्यांना प्रवेशाच्या वेळी मुंबईतली बरीच कॉलेजं बंद झालेली दिसतात. तुम्ही मराठी माध्यमातून शिकला असलात तरी ती द्या, कारण मुंबईतल्या कित्येक मराठी शाळांत आता सेमी-इंग्रजी वर्ग आहेत आणि तिथे गणित इंग्रजीतूनच शिकवलं जातं.

सीईटी दिली की काम संपत नाही. त्यानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची, नोंदणी वेगळी करावी लागते. दरवर्षी काही मुलं चांगले गुण मिळवून ही नोंदणीच विसरतात. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेयरचे दाखले आधी काढा. आणि एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, ठेवू नका. शेवटच्या वर्षाचा निकाल हाती नसेल तर जागा जाते.

धोबी तलावाचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सरकारी आहे, १९०६ पासूनचं, आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. मुलींसाठी चर्चगेटला एसएनडीटीचं पीव्हीडीटी कॉलेज आहे. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्याहून जास्त मागितली तर पावती मागा. मुलींसाठी आणखी एक: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत येत असाल, तर २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. कॉलेजला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाबद्दल पहिल्याच दिवशी विचारा.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. गणिताची मेथड शिकवणारे प्राध्यापक स्वतः गणिताचे आहेत का, आणि सरावाच्या शाळा कुठल्या आहेत, हे दोनच प्रश्न विचारा.

बी.एड.चं पहिलं वर्ष चालू आहे. माझे गणिताचे पाठ पडतात. निरीक्षक लिहितात, 'शैक्षणिक साधन वापरले, पण आशयाशी जुळले नाही.' म्हणजे नक्की काय चुकतं?
— विद्यार्थिनी-शिक्षिका, दहिसर

शेरा अगदी नेमका आहे, वाईट वाटून घेऊ नका. बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढायचे असतात, साधारण ४ पहिल्या वर्षात आणि १६ दुसऱ्या वर्षात. एवढ्या काळात ही गोष्ट हमखास सुधारता येते. (इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, इतर तासांना ८०. लग्नसराईत सुट्ट्या घेऊन काही जणी नेमक्या इथे अडकतात.)

तुम्ही पत्रात दहावीच्या वर्गसमीकरणांच्या पाठाचा उल्लेख केलाय, पूर्ण वर्ग पद्धतीचा. रंगीत कार्डशीटचे तुकडे चिकटवले आणि क्षचा वर्ग अधिक ६क्ष बरोबर ७ हे उदाहरण घेतलंत. चूक त्या ७ मध्ये आहे.

हे साधन कसं चालतं ते बघा. क्ष बाजूचा एक चौरस कापायचा. ६क्ष म्हणजे क्ष लांबीची आणि ६ रुंदीची पट्टी. ती उभी कापून ३ रुंदीच्या दोन पट्ट्या करायच्या. एक चौरसाच्या उजवीकडे लावायची, एक खाली. आता मोठा चौरस जवळजवळ पूर्ण होतो, फक्त खालच्या कोपऱ्यात ३ बाय ३ चं भोक राहतं. ते ९ चं भोक बुजवलं की (क्ष + ३) बाजूचा पूर्ण वर्ग तयार. म्हणूनच दोन्ही बाजूंना ९ मिळवायचे. 'मधल्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग' हे पाठ केलेलं वाक्य मुलांना त्या भोकात दिसतं.

आता ७ घेतलं तर काय होतं? दोन्हीकडे ९ मिळवून १६ येतात, क्ष + ३ बरोबर ४, म्हणजे क्ष बरोबर १. पण तुमच्या कार्डशीटवर क्षचा चौरस १० सेंटिमीटरचा आणि पट्टीची रुंदी ३ सेंटिमीटरची. डोळ्यांना क्ष हा ३ पेक्षा मोठा दिसतो आणि उत्तर येतं १. हुशार मुलगी गप्प राहते, पण तिच्या मनात साधनावरचा विश्वास गेलेला असतो. निरीक्षकांना तेच दिसलं.

७ ऐवजी ४० घ्या. क्षचा वर्ग अधिक ६क्ष बरोबर ४०. दोन्हीकडे ९ मिळवले की ४९, क्ष + ३ बरोबर ७, क्ष बरोबर ४. एका एककाला ५ सेंटिमीटर धरा: चौरस २० बाय २०, दोन पट्ट्या प्रत्येकी २० बाय १५, कोपरा १५ बाय १५. सगळं मापात बसतं, मागच्या बाकापर्यंत दिसतं. शेवटी पट्टीने मोजा, मोठी बाजू ३५ सेंटिमीटर म्हणजे ७ एकक. मोजायचं मात्र शेवटीच. सुरुवातीला एखाद्याने पट्टी लावली की क्ष अज्ञात राहत नाही आणि पाठाचा जीव जातो.

यापुढे दोन ठिकाणी मुलं हटकून अडखळतात, तेही टाचणात आधीच लिहून ठेवा. एक, ९ फक्त डाव्या बाजूला लिहितात, कारण भोक तिथेच दिसतं. उजवीकडे ४० या आकड्याखालीही ९ चा तुकडा ठेवायला लावा. दोन, ४९ चं वर्गमूळ उणे ७ ही असतं, म्हणजे क्ष बरोबर उणे १० हेही उत्तर आहे, आणि ते कागदी चौरसात दाखवता येत नाही. हे लपवू नका. फळ्यावर उणे १० ठेवून ताळा करून दाखवा: १०० वजा ६० बरोबर ४०. साधन इथपर्यंतच चालतं, पुढे बीजगणित जातं, असं स्पष्ट सांगा. मुलांना ते आवडतं.

एका तासात एवढंच. सूत्र पद्धत त्याच दिवशी उरकायचा प्रयत्न केलात तर दोन्ही अर्धवट राहतील. आणि जमलं तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे लक्ष ठेवा. टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, हे केंद्र गणित शिक्षणावर संशोधन करतं आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतं. पाठ बसवताना अशा ठिकाणी मिळालेली एखादी कल्पना वर्षभर पुरते.

टीईटी, सीटीईटी, टेट… नववी-दहावीसाठी नक्की कुठली द्यायची?
— बी.एड. विद्यार्थी, चेंबूर

नावांचा गोंधळ खरा आहे, कारण दोन वेगळ्या परीक्षांना लोक 'टेट'च म्हणतात. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ती पहिली ते आठवीसाठी. तुमचा पेपर दुसरा, सहावी ते आठवीचा; १५० गुणांचा, त्यात गणित-विज्ञानाला ६०. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. सीटीईटी तिचंच केंद्रीय रूप. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. नववी-दहावीलाच शिकवायचंय तर ही कशाला, असं वाटेल. पण मुंबईतल्या बऱ्याच शाळा पाचवी ते दहावी असतात आणि जागा अनेकदा सहावी ते आठवीच्या गटात निघते. म्हणून द्याच.

दुसरी, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. वेळ लावून सराव केल्याशिवाय जमत नाही. तिचे गुण 'पवित्र' या सरकारी पोर्टलवरच्या शिक्षक भरतीला लागतात. ती दरवर्षी होत नाही: २०१७, मग थेट २०२३, मग २०२५. म्हणून बी.एड. चालू असताना संधी आली आणि नियमात बसत असाल तर 'पुढच्या वेळी' म्हणून सोडू नका.

आणि फक्त बी.एड.वर पहिली ते पाचवी शिकवता येत नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यासाठी डी.एल.एड. लागतं.

घरबसल्या दूरस्थ बी.एड. करून देतो अशी जाहिरात आली आहे. मी बी.एस्सी. मॅथ्स, कधी शिकवलेलं नाही.
— घाटकोपर

नको. इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधी प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण झालेल्यांसाठी असतं. तुम्ही त्यात बसत नाही. हजेरी न लावता दोन वर्षांचं प्रमाणपत्र देणारा कोणीही पुढच्या कागदपत्र पडताळणीत तुमच्याबरोबर उभा राहणार नाही.

बी.एस्सी. बी.एड. झालं. एका संस्थेने 'अनुदानित शाळा आहे, लगेच रुजू व्हा' असं सांगून मोठी रक्कम मागितली आहे. घरचे कर्ज काढायला तयार आहेत.
— वाचक, विक्रोळी

कर्ज काढू नका, रक्कम देऊ नका. नेमणुकीसाठी पैसे घेणं बेकायदा आहे. आणि व्यवहार म्हणून पाहिलं तरी तुमच्या हाती काही लागत नाही, कारण सरकारी पगार संस्था देत नाही. त्यासाठी आधी संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, त्या विषयाचं पद मंजूर असावं लागतं, मग भरती रीतसर व्हावी लागते, मग मुंबईत त्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांची तुमच्या नावाची वैयक्तिक मान्यता, आणि त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी वेतन प्रणालीतला तुमचा क्रमांक. यातली एक कडी तुटली तर तुम्ही रोज शाळेत जाता, हजेरीपटावर सही करता आणि पगार सुरूच होत नाही. अशा नेमणुका वर्षानुवर्षं अडकून पडतात.

त्यांना चार गोष्टी लेखी विचारा. पद किती टक्के अनुदानावर आहे, पूर्ण की २०, ४०, ६०, ८० टक्क्यांवर? चालू वर्षाच्या संचमान्यतेची प्रत मिळेल का? ही जागा पवित्र पोर्टलवर जाहीर झाली होती का? नेमणूकपत्रावर 'शिक्षण सेवक, गणित' असं लिहिणार का? रीतसर नेमणुकीत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून जातात आणि माध्यमिकला १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन महिना १८,००० रुपये आहे. मुंबईत ते फार कमी आहे हे मान्य. पण तीन वर्षांनी ते नियमित वेतनश्रेणीत जातं, आणि त्यासाठी कोणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

तोवर विनाअनुदानित शाळेत रुजू होत असाल तर नेमणूकपत्र घ्या, पगार बँक खात्यातच घ्या आणि सोडताना अनुभवाचं पत्र विषय, इयत्ता आणि तारखांसह मागून घ्या.